लाकूड कोर्टाने नाही संपवलं

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात १ जानेवारी २०२४ पासून सरकारी मालकीच्या नैसर्गिक जंगलातली व्यापारी तोड बंद झाली. तेव्हापासून तिथे एक कहाणी इतक्यांदा सांगितली गेली आहे, की गिप्सलँडमधल्या सॉ मिलवाल्या गावांपासून मेलबर्नात नव्या घराला लाकडी फ्लोअरिंग करून घेणाऱ्या मराठी कुटुंबांपर्यंत ती सगळ्यांना तोंडपाठ झाली आहे. जगात सर्वांत कडक देखरेखीखाली चालणारा एक धंदा होता. नकाशे होते, नियमावली होती, प्रत्येक कुपाला, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या रानाच्या तुकड्याला, मंजुरी लागायची, तोड झाली की पुन्हा बी पेरलं जायचं. मग शहरातले पर्यावरणवाले आले. लेडबीटर पोसम आणि ग्रेटर ग्लायडर या झाडांवरच्या दोन लहान प्राण्यांचं निमित्त करून ते कोर्टात गेले, न्यायाधीश वनाधिकारी होऊन बसले आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा मोडला. आता व्हिक्टोरियाचं जंगल राखायचं म्हणून इंडोनेशियाचं जंगल तोडून आणलेलं मरबाऊचं लाकूड विकत घ्यायचं, असा हा शहाणपणा!

मरबाऊचा मुद्दा बराचसा खरा आहे, त्याच्याकडे पुढे येतोच. बाकीची कहाणी मात्र उलट्या पायांची आहे. देखरेख जास्त झाली म्हणून ओंडके संपले, हे साफ खोटं. देखरेख करणारा, जंगलाचा मालक, तोडणारा आणि विकणारा हे सगळे एकाच सरकारच्या घरातले होते, आणि घरातल्या घरात कोणी कोणाला हटकत नाही. ओंडके संपले ते त्यामुळे. कोर्टं नंतर आली.

आधी कोण काय करत होतं ते पाहू. २००३ मध्ये व्हिक्टोरिया सरकारने ‘विकफॉरेस्ट्स’ नावाचं महामंडळ काढलं आणि २००४ पासून तोड व विक्री त्याच्याकडे दिली. कल्पना चांगली होती. वनखात्याने राखण करावी, महामंडळाने धंदा करावा, दोघांची सरमिसळ नको. त्याच वर्षी त्यासाठी कायदाही झाला. सरकार जंगलाचा ठरावीक हिस्सा महामंडळाला नेमून देणार, महामंडळ कोणते कूप कधी तोडणार याची योजना जाहीर करणार, आणि हे सगळं तोडणीच्या नियमावलीत बसतं का ते खातं तपासणार. कागदावर सगळं नीट. पण कुपात उतरून कुठल्या झाडाच्या ढोलीत काय राहतं ते शोधायचं कोणी? महामंडळाने. शोधायचं की नाही, हे ठरवायचं कोणी? तेही महामंडळाने. पुढे तर तोडणीची योजना मंजूर करण्याचा अधिकारही खात्याकडून निघून महामंडळाच्याच संचालक मंडळाकडे आला. ज्याने माल विकायचा त्यानेच पावती फाडायची आणि त्यानेच हिशेब तपासायचा.

हा पर्यावरणवाल्यांचा कांगावा आहे म्हणून झटकून टाकता येणार नाही. खात्यानेच नेमलेल्या स्वतंत्र समीक्षेने २०१८ मध्ये सांगितलं, की हे खातं नियामक म्हणून परिणामकारकही नाही आणि त्याचा कोणाला धाकही नाही, आणि तोडणीचे कायदे म्हणजे एक चक्रव्यूह झाला आहे. लक्षात घ्या, ही समीक्षा सरकारने सरकारसाठी करवली होती. त्यानंतर २०१९ मध्ये ‘कॉन्झर्वेशन रेग्युलेटर’ हे नवं कार्यालय उघडलं, तेही त्याच खात्याच्या छपराखाली. जगातली सर्वांत कडक देखरेख म्हणणाऱ्यांनी या समीक्षेचं काय करायचं, ते एकदा सांगून टाकावं.

आता ओंडक्यांकडे येऊ, कारण खरी गोष्ट तिथे आहे आणि कहाणी सांगणारे नेमके तिथून पाय काढता घेतात.

व्हिक्टोरियाच्या डोंगरांत ‘माउंटन ॲश’ नावाचं झाड वाढतं. आपल्याकडे सामाजिक वनीकरणाने बांधाबांधावर लावलेल्या निलगिरीचा हा भाऊबंद, पण अवाढव्य. फुलं येणाऱ्या झाडांत जगात याच्याइतकं उंच दुसरं नाही. सरळसोट, कमी गाठींचं, फिकट रंगाचं लाकूड. जिने, खिडक्या, फ्लोअरिंग यांसाठी मागणी मोठी. या झाडाची एक खोड अशी, की मोठ्या वणव्यात ते मरतं आणि केवळ बियांतून पुन्हा उगवतं. त्यामुळे एका वणव्यानंतरचं अख्खं रान एकाच वयाचं असतं. १३ जानेवारी १९३९ रोजी, ‘ब्लॅक फ्रायडे’ला, असा वणवा पेटला. त्या हंगामात ७१ माणसं गेली, जंगलात वसलेल्या सॉ मिल जळाल्या. न्यायमूर्ती लिओनार्ड स्ट्रेटन यांच्या चौकशी आयोगाने सरकारी कारभाराची सालटी काढली आणि त्यानंतर गिरण्या रानातून गावांत हलल्या. पण त्या राखेतून एक पीक उगवलं. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला जे माउंटन ॲश तोडलं जात होतं, त्यात फार मोठा भाग या १९३९ च्या रोपांचा होता.

आता साधा हिशेब मांडा. साठ-ऐंशी वर्षांनी हे झाड फळी काढण्याजोगं होतं. १९३९ ची झाडं २००० ते २०२० च्या दरम्यान तयार. त्यानंतरची पिढी म्हणजे साठ-सत्तरच्या दशकांत तोडून पुन्हा पेरलेलं रान, ते बहुतेक २०३० नंतर. मधल्या काळात पुरवायचं ते सगळं या एकाच पिढीतून. अशा वेळी शहाणा मालक हात राखून देतो. व्हिक्टोरिया सरकारने काय केलं? १९९६ मध्ये खास कायदा करून मेरीव्हेलच्या कागद कारखान्याला २०३० पर्यंत दरवर्षी लगद्याचं लाकूड द्यायचं वचन दिलं. हे वचन नुसत्या कंत्राटात नव्हतं, विधिमंडळाच्या कायद्यात होतं, आणि आकडा सुमारे साडेतीन लाख घनमीटरचा होता. उसाच्या उभ्या फडावर उचल घ्यावी तशी ही उचल होती. फरक इतकाच की ऊस वर्षा-दीड वर्षात पुन्हा येतो.

कुपाच्या कडेला हे सगळं डोळ्यांना दिसायचं. तोडलेलं खोड ओढत लँडिंगवर, म्हणजे ओंडके रचायच्या मोकळ्या जागी, आणतात, तिथे प्रतवारी करणारा माणूस बारीक टोकाचा व्यास मोजतो, वाक पाहतो, कुजका भाग, डिंकाच्या शिरा, गाठी पाहतो आणि रंगाने खूण करतो. चांगल्या ओंडक्यांना वरच्या प्रती, मग ‘डी’, आणि पॅलेटपुरता निघेल तो ‘ई’. जो यातल्या कशातच बसत नाही तो लगद्याकडे. राज्याचा टिकाऊ पुरवठा ‘डी आणि त्यावरच्या’ ओंडक्यांत मोजला जायचा. पण ट्रक भरून रानाबाहेर जायचा तो निम्म्याहून जास्त माल लगद्याचाच. जो धंदा जिन्याच्या कठड्यांच्या आणि वारसा जपणाऱ्या सुतारकामाच्या नावाने मतं मागत होता, त्याच्या आकारमानाचा मोठा भाग फोटोकॉपीच्या कागदाच्या रिमांत जात होता. हे बेकायदा नव्हतं. पण सॉ मिलच्या नावाने अश्रू ढाळताना ते लपवायचं कारण नाही.

मग ७ फेब्रुवारी २००९ आला, ‘ब्लॅक सॅटर्डे’. १७३ माणसं मेली आणि मध्य डोंगराळ भागातलं माउंटन ॲश हजारो हेक्टरवर जळालं. उचल घेतलेल्या पिकाचा मोठा तुकडा एका दिवसात गेला. खऱ्या देखरेखदाराने दुसऱ्याच दिवशी वार्षिक कोटा खाली आणला असता. इथे तो पुढची कित्येक वर्षं हळूहळू, नाइलाजाने खाली येत राहिला. २०१७ मध्ये महामंडळाला कबूल करावं लागलं की ॲशचे इमारती ओंडके वर्षाला २ लाख २० हजार घनमीटर मिळणार नाहीत, १ लाख ३० हजारच मिळतील.

हेफील्डच्या गिरणीचं प्रकरण याच वर्षातलं. राज्यातली कठीण लाकडाची सर्वांत मोठी सॉ मिल. महामंडळाने तिला सांगितलं की यापुढे वर्षाला ८० हजार घनमीटर, नंतर ६० हजार. मालक म्हणाले, एवढ्यावर गिरणी चालत नाही, बंद करतो. गावात हलकल्लोळ झाला. सरकारने सहा कोटी डॉलरहून जास्त मोजून गिरणीच विकत घेतली. म्हणजे जंगल सरकारचं, तोडणारं महामंडळ सरकारचं, तपासणारं खातं सरकारचं, आणि आता ओंडका चिरणारं पातंही सरकारचं. यात तपासणीसाने नेमकं कोणाला नोटीस काढायची होती?

ही तारीख नीट पाहावी. हेफील्डची कपात २०१७ च्या सुरुवातीची. लेडबीटर पोसमचा खटला त्याच वर्षाच्या शेवटी दाखल झाला, त्याचा निकाल २०२० मध्ये आणि ग्लायडरचा २०२२ मध्ये. जो ओंडका २०१७ मध्येच नव्हता, तो २०२२ च्या निकालाने पळवला असं म्हणायला वेगळीच हिंमत लागते.

यावर कहाणीवाल्यांचं उत्तर तयार असतं: २०१७ ची कपातही पोसममुळेच, प्रत्येक वसाहतीभोवती २०० मीटरचं वर्तुळ सोडायचा नियम झाला म्हणून. वर्तुळं होती हे खरं. एकेक वर्तुळ साडेबारा हेक्टरचं, आणि वसाहती सापडत गेल्या तशी ती वाढत गेली. पण हा नियम कोर्टाचा नव्हता. सरकारच्या सल्लागार गटाने २०१४ मध्ये तो सुचवला, आणि त्या गटाच्या प्रमुखपदी प्राणिसंग्रहालयाच्या संस्थेबरोबर खुद्द लाकूड उद्योगाची संघटना होती. शिवाय वसाहती इतक्या सापडू लागल्या त्या कोणी शोधायला गेलं म्हणून. आधी कोणी गेलंच नव्हतं, आणि न पाहिलेल्या प्राण्याची जागा रिकामी धरून पुरवठ्याची वचनं दिली गेली होती.

लेडबीटर पोसम हा व्हिक्टोरियाचा राज्यप्राणी आहे, आपलं शेकरू आहे तसा. नामशेष झाला असं मानलं जात असताना १९६१ मध्ये मेरीसव्हिलजवळ पुन्हा दिसला. त्याला जुन्या झाडांच्या ढोल्या लागतात, आणि माउंटन ॲशला ढोली पडायला शंभर-सव्वाशे वर्षांहून जास्त लागतात. साठ-ऐंशी वर्षांच्या तोडणीचक्रात ती ढोली कधी येणारच नाही. तोडलेल्या जागी पुन्हा जंगल उगवतं, हे धंद्याचं आवडतं वाक्य. उगवतं, मान्य. ढोली उगवत नाही.

आता कोर्टांकडे. २००९ मध्ये पूर्व गिप्सलँडच्या ब्राउन माउंटनवर तोड व्हायची होती. स्थानिक स्वयंसेवकांनी लावलेल्या कॅमेऱ्यात लांब पायांचा पोटोरू हा दुर्मीळ प्राणी आला, महामंडळाच्या पाहणीत आला नव्हता. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ऑगस्ट २०१० मध्ये न्यायालयाने तोड रोखली. कुठल्या नियमावर बोट ठेवून? सरकारच्याच नियमावलीतल्या सावधगिरीच्या तत्त्वावर. नोव्हेंबर २०२२ मध्ये न्यायमूर्ती मेलिंडा रिचर्ड्‌स यांनी ग्रेटर ग्लायडरबद्दल निकाल दिला तो त्याच तत्त्वावर: आधी कुपात ग्लायडर नीट शोधा, सापडले तर त्यांच्यापुरती जागा सोडा, पुरेसे यूकॅलिप्टस उभे ठेवा. न्यायाधीशांनी नवा कायदा केला नाही. जो होता तो वाचून दाखवला. तो पाळून धंदा चालत नाही असं महामंडळाचं म्हणणं असेल, तर आजवर तो कसा पाळला जात होता हा प्रश्न आपोआप येतो.

लेडबीटरच्या खटल्यात तर यापेक्षा गमतीदार गोष्ट घडली. गमतीदार म्हणजे डोक्याला हात लावण्याजोगी. मे २०२० मध्ये फेडरल न्यायालयाच्या न्यायमूर्ती मॉर्टिमर यांनी सांगितलं, की ६६ कुपांत महामंडळाने नियमावली मोडली किंवा मोडण्याच्या बेतात आहे. त्या निकालानंतर बनिंग्ज या हार्डवेअरच्या मोठ्या साखळीने महामंडळाचं लाकूड विकणं बंद केलं. पुढच्या वर्षी पूर्णपीठाने निकाल फिरवला, आणि कहाणीवाले आजही सांगतात की वरच्या कोर्टाने महामंडळाला निर्दोष ठरवलं. तसं झालं नाही. नियम मोडल्याचे निष्कर्ष कायम राहिले. पूर्णपीठाने एवढंच म्हटलं, की राज्यांबरोबरच्या प्रादेशिक वनकरारांखाली होणाऱ्या तोडीला केंद्राच्या पर्यावरण कायद्यातून सूट आहे, आणि नियम मोडले तरी ती सूट जात नाही. १९९७ पासून केंद्राने हे करार केले ते कशासाठी? राज्यांची देखरेख चांगली आहे, मग आम्ही वरून कशाला पाहायचं, म्हणून. आणि राज्याचे नियम मोडले गेले तरी केंद्राने पाहायचं नाही. कुंपण शेत खात असेल तर राखणदाराला बोलावता येऊ नये, अशी कायद्यातच सोय. नोव्हेंबर २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संसदेने ही सूट संपवण्याची तरतूद केली, तिला जवळजवळ तीन दशकं लागली.

न्यायालयांनी जंगल चालवू नये, हे मलाही पटतं. न्यायाधीशाला ओंडक्याची प्रत कळत नाही आणि कळायची अपेक्षाही नाही. पण न्यायालयं आत येतात ती दार सताड उघडं असतं म्हणून. आपल्याकडे १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन प्रकरणातल्या आदेशापासून मंजूर कार्य आयोजनेशिवाय जंगलातलं झाड पाडता येत नाही. तो आदेश सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला, कारण वनखाती, राज्य सरकारं आणि सॉ मिल यांच्यातलं संगनमत मोडायला दुसरं कोणी पुढे आलं नव्हतं. चंद्रपूर-गडचिरोलीत सागाच्या डेपोवर लिलाव पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

कोर्टं नसती तर काय झालं असतं, हे पाहायला दूर जायला नको. व्हिक्टोरियाच्या शेजारच्या न्यू साउथ वेल्समध्ये सरकारने बोरल या कंपनीला उत्तर किनाऱ्यावरच्या ओंडक्यांची वचनं दिली होती. २०१४ मध्ये लक्षात आलं की तेवढं लाकूड जंगलात नाही. मग करदात्यांच्या ८५ लाख ५० हजार डॉलरना सरकारने वर्षाला ५० हजार घनमीटर ओंडक्यांचा हक्क परत विकत घेतला. म्हणजे नसलेल्या झाडांचे पैसे दिले. या व्यवहाराशी कोर्टाचा, पोसमचा किंवा ग्लायडरचा काही संबंध नाही. मोजणाऱ्याने चुकीचं मोजलं आणि त्याला विचारणारं कोणी नव्हतं, एवढंच.

त्याच राज्यातली देखरेख जवळून पाहायची असेल तर ग्लायडर कसा शोधायचे ते पाहा. हा प्राणी निशाचर. दिवसभर ढोलीत झोपतो, अंधार पडला की बाहेर येऊन झाडावरून झाडावर तरंगत जातो. त्याची ढोली शोधायला तिथल्या सरकारी वनमहामंडळाचे लोक दिवसा जायचे. दिवसा! २०२३ मध्ये टॅलागँडाच्या रानात मेलेला ग्लायडर सापडला, पर्यावरण प्राधिकरणाने काम थांबवलं, आणि त्यानंतर नियम झाला की पहिली पाहणी सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाच्या आत सुरू झाली पाहिजे. हे लिहून द्यावं लागतं, यातच देखरेखीची प्रत कळते. २०२४ मध्ये याच महामंडळाला यांबुल्लाच्या रानात, २०१९-२० च्या वणव्यातून वाचलेल्या आणि तोडायला मनाई असलेल्या पट्ट्यातली ५३ झाडं तोडल्याबद्दल ३ लाख ६० हजार डॉलर दंड झाला. एका सरकारी खिशातून दुसऱ्यात गेलेला दंड. निकाल देताना न्यायमूर्तींनी महामंडळाच्या आधीच्या गुन्ह्यांची यादीही काढली.

आता मरबाऊ. व्हिक्टोरियातली तोड थांबली म्हणून लोकांनी डेक बांधणं थांबवलं नाही. लाकूड बाहेरून येतंय, हेफील्डची गिरणीसुद्धा आता टास्मानियाचं आणि अमेरिकेचं लाकूड वापरते. यावर पर्यावरणवाल्यांचं ठरलेलं उत्तर ‘लागवडीचं लाकूड आहे की’, हे अर्धवट आहे आणि ते त्यांनाही माहीत असावं. ऑस्ट्रेलियातलं बहुतेक लाकूड लागवडीतून येतं हे खरं, घरांचे सांगाडे पाइनचे होतात. पण पश्चिम व्हिक्टोरियात करसवलतीच्या योजनांतून लावलेल्या ब्लू गमची रानं दहा-पंधरा वर्षांत तोडून चिप्स करून पोर्टलंड बंदरातून जपान-चीनला जातात. त्यातून जिन्याची पायरी निघत नाही. जाड, कठीण, फळीजोगं लाकूड हवं तर तीस-चाळीस वर्षं ठेवायची लागवड करायला हवी होती, आणि ती करायची वेळ १९९६ होती, जेव्हा सरकार लगद्याच्या करारावर सही करत होतं. म्हणून आज आयातीचं बिल फाडायचं तर त्यावर पोसमचं नाव चढवू नका, सही करणाऱ्यांचं चढवा.

शिवाय हा मुद्दा मांडणाऱ्यांना आपण काय कबूल करतोय ते कळत नाही. इंडोनेशियात देखरेख ढिली आहे म्हणून तिथलं लाकूड नको, असंच ते म्हणतात ना? मग देखरेखीवरच सगळं अवलंबून आहे, हे तर आमचंच म्हणणं झालं.

राहिला तोट्याचा प्रश्न. विकफॉरेस्ट्सला २०२१-२२ मध्ये पाच कोटी ४० लाख आणि पुढच्या वर्षी सहा कोटी डॉलरहून जास्त तोटा झाला. खटल्यांच्या खर्चामुळे, असं सांगतात. त्यात खटल्यांचा खर्च होताच, आणि ओंडके देऊ न शकल्याबद्दल गिरण्यांना व कंत्राटदारांना दिलेली भरपाईही होती. नियम पाळायला जो खर्च येतो तो आधी दरात धरलाच नव्हता, मग तो वकिलांच्या बिलातून आला. ज्यांचं सगळ्यांत जास्त नुकसान झालं ते या हिशेबात कुठेच नव्हते: ओंडके ओढणारी स्किडर यंत्रं कर्जावर घेतलेले तोडणी कंत्राटदार आणि गिरणीतले कामगार. त्यांना २०१९ मध्ये सांगितलं २०३० पर्यंत काम आहे, आणि मे २०२३ मध्ये सांगितलं डिसेंबरपर्यंतच. त्यांचा राग रास्त आहे. तो चुकीच्या पत्त्यावर पाठवला जातोय, एवढीच माझी तक्रार आहे.

न्यू साउथ वेल्समध्ये तोड अजून चालू आहे. उत्तर किनाऱ्यावरचे ओंडक्यांचे करार २०२८ पर्यंतचे आहेत. त्यानंतर कोणाला काही द्यायचं असेल, तर आधी रानात जाऊन झाडं मोजणारा माणूस ओंडके विकणाऱ्याच्या पगारावर नसावा, आणि ग्लायडर मोजायला त्याने रात्री जावं.